खुनी कोण, ते आबेदाभाभींनी ठरवलं

ज्या शिंप्याला मी चाळीस वर्षं खुनी समजत आले तो निर्दोष होता, हे मला गेल्या मार्चमध्ये एका दुपारी अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या घरी कळलं.

माझं नाव माया. भूमी अभिलेख खात्यात नकला तपासण्यात माझी सारी नोकरी सरली. पहिली पंधरा वर्षं अकोल्याला, पुढची अमरावतीला. मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे, ओळीला ओळ लावून बघायची आणि खाली सही ठोकायची. एखादा काना चुकला तरी मला चालत नसे. एवढ्या कोरड्या कामावर उतारा म्हणून मी रहस्यकादंबऱ्या वाचायचे. साठ-सत्तर सालच्या, पिवळट कागदाच्या, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि घाबरलेली बाई असलेल्या. लोक त्यांना हलकं वाचन म्हणत. त्यात भिकार पुष्कळ होत्या, पण पाच-सातातली एखादी अशी निघायची की डबा खायची शुद्ध राहत नसे. खुनाच्या चांगल्या, हेरांच्या बऱ्या आणि लढाईच्या सगळ्यांत चांगल्या, असं माझं मत होतं. अजून आहे.

अकोल्यात ही पुस्तकं मिळायची महादेवरावांच्या वाचनालयात. महादेवराव म्हणजे सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. कोणी काय नेलं आणि किती दिवसांत परत आणलं यावरून ते माणूस ओळखायचे. ते वारले तेव्हा घरच्यांनी वाचनालय मोडलं. मी दोन पिशव्या भरून माझी आवडती बावीस पुस्तकं घेऊन आले. त्यातलं एक ‘फाटक क्रमांक सात’. रेल्वे फाटकाच्या चौकीत फाटकवाला मरून पडलेला, मुठीत कोटाची गुंडी, गुंडीला दोऱ्याचा तुकडा. खुनी निघतो गावातला शिंपी, कारण तो दोरा मेण लावलेला असतो आणि तसा दोरा गावात एकटा तोच वापरत असतो. काय बांधलेला शेवट होता. मी तो कितीतरी जणांना सांगितला असेल.

माझ्या प्रतीची शेवटची चौदा पानं हातानं लिहिलेली होती. त्यात नवल नव्हतं. वाचनालयातल्या पुस्तकांची पहिली आणि शेवटची पानं आधी जातात. बांधणीवाले दुसऱ्या प्रतीवरून ती उतरवून शिवून देत. निळ्या-काळ्या शाईतलं, छापल्यासारखं सरळ अक्षर होतं.

माझी पुतणी अपेक्षा राजापेठेतच शिकवणी वर्ग चालवते. तिनं मार्चमध्ये मला याच पुस्तकाची एक धडधाकट प्रत इंटरनेटवरून मागवून दिली. “आत्या, ह्याले तं एक बी पान हातचं नाई,” म्हणाली. मी हौसेनं शेवटाकडे गेले. खुनी डॉक्टर होता.

मी पुस्तक मिटलं, नाव पुन्हा पाहिलं, लेखक पाहिला, आवृत्ती पाहिली. मग जुनी प्रत काढून दोन्ही टेबलावर ठेवली, कचेरीत ठेवायचे तशी. एकशे अडुसष्टाव्या पानापर्यंत शब्दाला शब्द जुळत होता. त्यापुढे एकही वाक्य जुळेना. छापील शेवटात मेणाचा दोरा नव्हता, शिंप्याचं नाव नव्हतं, आणि मुठीतल्या गुंडीचं काय झालं हे लेखक साफ विसरला होता. डॉक्टर सापडतो, रडतो, कबूल करतो. संपलं.

मी बावीसच्या बावीस पुस्तकं खाली काढली. नऊंना हातचे शेवट होते. नऊही एकाच अक्षरात.

अपेक्षानं आणखी दोन पुस्तकं शोधून दिली. दोन्हींत तेच. एकात मी ज्याला फासावर गेलेला समजत होते, तो छापील पुस्तकात नायिकेशी लग्न करत होता. हसावं की चिडावं कळेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकला तपासल्या आणि माझ्याच घरातल्या नऊ खोट्या नकला मी खऱ्या मानून बसले होते.

पण हसू फार दिवस टिकलं नाही. मे महिन्यात ‘पुलापलीकडची पलटण’ आलं.

त्या पुस्तकाबद्दल आधी सांगायला हवं. माझा मामा डोमाजी एकाहत्तरच्या लढाईत गेला. भातकुलीला आमच्या घरी कागद आला, माणूस आला नाही. माझ्या आईनं, सुंदराबाईनं, त्या दिवसापासून भावाचं नाव घेतलं नाही. फोटो ट्रंकेत गेला. दुसऱ्या कोणी नाव काढलं तर ती उठून अंगणात जायची. अशी तेरा वर्षं गेली. चौऱ्याऐंशी साली मी अकोल्याहून सुटीला घरी येताना हे पुस्तक बरोबर आणलं होतं. आईला वाचता येत नसे. तिच्यासमोर लढाईचं वाचायला मला भीती वाटत होती, पण तीच म्हणाली, “वाच. काय होते तिकडं ते तं कळू दे.” रघू नावाचा शिपाई पलटणीपासून तुटतो आणि शत्रूच्या मुलखातून अकरा दिवस चालत राहतो, अशी ती गोष्ट. शेवटचं प्रकरण हातानं लिहिलेलं होतं. रघू भर दुपारी गावात येतो. आई अंगणात मिरच्या वाळू घालत असते. ओळखीचं माणूस असूनही कुत्रं भुंकतं, तर आई आधी कुत्र्याला रागावते, मग आत जाऊन पाण्याचा गडवा आणते, आणि मुलगा पाणी पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलत नाही.

आईनं ते प्रकरण मला परत वाचायला लावलं. मग म्हणाली, “डोमाजी बी असाच उन्हाचा ये.” त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत भावाबद्दल बोलत होती. तो कसा पोहायचा, शाळेतून कसा पळायचा, काय खायचा. ट्रंकेतला फोटो बाहेर निघाला. पुढं मरेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, ती त्याच्याबद्दल मोकळेपणानं बोलत राहिली.

छापील पुस्तकात रघू अकराव्या दिवशी आपल्याच चौकीपाशी पोचतो. पहारेकऱ्याला ओळख पटत नाही आणि तो गोळी झाडतो. आईला पत्र जातं की मुलगा शत्रूशी लढताना पडला. पुस्तक त्या पत्रावर संपतं.

ते पुस्तक अख्खं असतं तर हे मी आईला वाचून दाखवलं असतं. मध्येच थांबले असते तरी तिनं पुढचं वाचायला लावलं असतं. त्या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कोणीतरी माझ्या आईला खोटं सांगितलं होतं, आणि त्या खोट्यावर तिची पंचवीस वर्षं बरी गेली होती. राग कोणावर धरायचा हेही मला कळत नव्हतं.

पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी डकवलेली होती: अन्सार बाइंडर, जुने शहर, अकोला. नऊही पुस्तकं पिशवीत भरली, ‘फाटक’ आणि ‘पलटण’ या दोन्हींच्या छापील प्रती घेतल्या आणि एसटीनं बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला गेले. मोर्णा ओलांडून जुन्या शहरात विचारत विचारत गेले. बाइंडिंगचं दुकान आता नव्हतं. त्या जागी अन्सारभाईंचा मुलगा इमरान झेरॉक्स आणि लॅमिनेशन करतो. त्यानं मला मागच्या घरात नेऊन बसवलं.

अन्सारभाई पंचाहत्तरीचे. नजर कमी झालेली, पण बोटं अजून चपळ. पुस्तक हातात घेतल्याबरोबर त्यांनी कण्यावरून अंगठा फिरवला.

“माहंच काम हाये हे. शिलाई पाहा बाई, एक टाका ढिल्ला नाई झाला.”

“अन् हे शेवटचे पानं कोनं लिहिले, अन्सारभाई?”

“हिनं.” त्यांनी बायकोकडे हात केला. आबेदाभाभी चहाचे कप ठेवत होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, माझ्याच वयाच्या. “मी उर्दू शाळेतला. मराठी बोलाले पक्का, वाचाले कच्चा. ही मराठी शाळेत सातवीपर्यंत. अक्षर पाहा कसं, मोत्यासारखं. महादेवरावसाहेब सांगत, पानं गेले तं दुसऱ्या कापीवरून उतरून घ्या. हे उतरून घे.”

“दुसरी कॉपी कोन दे?”

“साहेबच देत असन. कावून जी, काई गलती झाली काय?”

मी दोन्ही ‘फाटक क्रमांक सात’ आबेदाभाभींच्या समोर ठेवले. त्यांनी छापील प्रत उघडली, शेवटची दोन-तीन पानं उभ्यानंच वाचली आणि खाली बसल्या.

“दुसरी कापी कधी आलीच नाई,” त्या म्हणाल्या.

“नाई आली मंजे?” अन्सारभाई म्हणाले. “मंग तू काय पाहून लिहे?”

“मनानं.”

अन्सारभाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, हातच्या पानावर बोट ठेवलं आणि ते बोट ओळीवरून हळूहळू नेलं, जणू आता वाचता येईल.

मग भाभींनी सांगितलं. त्यांचे वडील कापसाच्या प्रेसमध्ये हमाल होते. घराजवळ मराठी शाळा होती म्हणून त्या तिथं गेल्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन इथं आल्या. अन्सारभाई पुस्तकं आणायचे, त्या घरात बसून पानं जुळवायच्या आणि शिवायच्या. शिवायच्या आधी वाचायच्या. अठ्ठ्याहत्तर साली पहिल्यांदा एका पुस्तकाची शेवटची दहा पानं नव्हती. साहेब दुसरी प्रत पाठवतो म्हणाले होते. पंधरा दिवस गेले, प्रत आली नाही आणि पुस्तक द्यायची वेळ आली.

“खुनी कोन हे मले माईत नाई अन् झोप येईना. मंग मीच इचार केला. पुस्तकातच सारं लिहून असते, ताई. कोन कुठं होता, कोनाच्या हाताले काय लागलं होतं. दोन वेळा वाचलं अन् लिहून टाकलं. वाटलं, साहेब ओरडन. कोनी काईच म्हटलं नाई.”

“अन् मले तू सांगतलं नाई,” अन्सारभाई म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “एक वकील आले होते वाचनालयात. म्हणे हा शेवट वेगळा हाये. साहेबाच्या समोर मी खुदाची कसम खाल्ली का अस्सल नक्कल हाये, एक अक्षर इकडचं तिकडं नाई. साहेब खाली मान घालून हसून राहिले होते. मले वाटे, वकिलाले हसून राहिले.”

भाभी नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. ही गोष्ट त्यांनाही पहिल्यांदाच कळत होती. “साहेब हसले?” त्यांनी विचारलं. “तवा कोनतं साल होतं?”

“इमरान झाला त्याच साली.”

त्या उठल्या, माझी नऊही पुस्तकं खाली सतरंजीवर घेऊन बसल्या आणि एकेक उघडून जिथं छापील पानं संपतात तिथं बोटानं दाबून पाहू लागल्या. पाच पुस्तकं डावीकडे ठेवली, चार उजवीकडे.

“हे पाच फाटके आले होते,” त्या म्हणाल्या. “अन् हे चार कापेल हायेत. इमरान झाल्यावरचे.”

मी चष्मा पुसून वाकून पाहिलं. शिलाईच्या आत, सुताएवढी पट्टी शिल्लक होती. डावीकडच्या पुस्तकांत ती दातेरी होती, कुरतडल्यासारखी. उजवीकडच्या चारांत ती फूटपट्टी ठेवून पात्यानं कापल्यासारखी सरळ होती. एवढी वर्षं ही पुस्तकं माझ्या कपाटात होती आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

“महादेवरावांनी कापले?” मी विचारलं.

“दुसरं कोन कापन? पुस्तक तं त्यायच्याच घरून ये. मले तवाच समजलं होतं, पण मी इचारलं नाई. त्यायनंबी सांगतलं नाई. मी त्यायले दोनदाच पाह्यलं, ते बी खिडकीतून.”

अन्सारभाई उठून बाहेर गेले. इमराननं आत डोकावून विचारलं, अब्बांना काय झालं. भाभी म्हणाल्या, “काई नाई, हवा खाऊन राहिले.”

उजवीकडच्या चारांत सगळ्यांत वर ‘पुलापलीकडची पलटण’ होतं, त्याखाली ‘फाटक क्रमांक सात’. ‘पलटण’ पाहिल्यावर मला एक गोष्ट आठवली. चौऱ्याऐंशी साली ते पुस्तक मी महादेवरावांकडे मागितलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, लढाईचं पुस्तक कोणासाठी? मी सांगितलं की आईसाठी, तिचा भाऊ एकाहत्तरला गेला, तिला ऐकायचं आहे. पुस्तक तेव्हा त्यांच्या मागच्या फळीवरच होतं, मला दिसत होतं. तरी ते म्हणाले, “ते बाइंडिंगले जाऊन राहिलं. पंधरा दिवसानं या.” मला ते नीट आठवतं, कारण मला राग आला होता.

हे मी भाभींना सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला.

“ते असं काई बोलले नाई,” त्या म्हणाल्या. “कोनासाठी हाये, कसं लिहा, काईच निरोप नाई. नुसतं पुस्तक आलं.”

“मंग तुमी रघूले जिवंत कावून ठेवलं?”

“इमरानले गोवर निघाला होता. तीन वर्साचा. ताप उतरेना. मी त्याच्या उशाशी बसून ते पुस्तक वाचलं अन् तिथंच बसून लिहिलं. तवा कोनाचं बी लेकरू माराची हिंमत नव्हती मले.” मग त्यांनी विचारलं, “छापेल पुस्तकात काय हाये?”

मी सांगितलं. पहारेकऱ्याची गोळी, आणि ते खोटं पत्र. त्यांनी पदर तोंडावर धरला. “या अल्ला,” एवढंच म्हणाल्या.

महादेवरावांनी ते प्रकरण माझ्या आईसाठी कापलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांना विचारायची सोय नाही. बाकीची तीन पुस्तकं त्यांनी का कापली तेही माहीत नाही; कदाचित त्यांना तो डॉक्टर माझ्याइतकाच पटला नसेल. कचेरीत असते तर मी अशा कागदावर सही केली नसती. पण मला तसं वाटतं, आणि ते वाटणं आता जात नाही.

निघायच्या आधी भाभींनी ‘फाटक क्रमांक सात’ची छापील प्रत पुन्हा हातात घेतली होती. त्या भानावर आल्यासारख्या दिसत होत्या. “हे चूक हाये, ताई,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर त्या दिवशी मूर्तिजापूरले गेला होता. एकेचाळिसाव्या पानावर लिहून हाये. तो खून कसा करन?” मी तिथंच पान काढून पाहिलं. खरंच लिहिलं होतं. छापणाऱ्यांनी पाहिलं नाही, लेखकानं पाहिलं नाही, नकला तपासण्यात हयात घालवलेल्या मीही पाहिलं नव्हतं.

दोन्ही छापील प्रती आणि नऊ पुस्तकं मी त्यांच्याकडेच ठेवून आले. अन्सारभाई मला सोडायला नदीच्या पुलापर्यंत आले, पण वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मी म्हाताऱ्या माणसांच्या घरात जाऊन उगाच आग लावून आले. पुढचे आठ दिवस फोन करायची हिंमत झाली नाही.

नवव्या दिवशी इमरानचा फोन आला. म्हणाला, अब्बा चार दिवस अम्मीशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी एक पुस्तक काढून अम्मीसमोर ठेवलं आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सांगितलं. शिवलेल्या शेकडो पुस्तकांपैकी एकातही काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता रोज दुपारी दोन तास वाचन चालतं. शेवटाच्या आधी अम्मी थांबते आणि खुनी कोण ते अब्बांना ओळखायला लावते. त्यांचा अंदाज अजून एकदाही बरोबर निघालेला नाही.

गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा अन्सारभाईंनीच उचलला. तिसरं पुस्तक त्या दिवशीच संपलं होतं आणि त्यात भाभींनी गावच्या पोस्टमास्तरला खुनी केलं होतं. अन्सारभाईंना तो माणूस पहिल्या पानापासून आवडलेला. “मायाबाई, मले तं खाणं गोड लागून नाई राहिलं,” ते म्हणाले. “एवढा शरीफ माणूस. अन् मी ते पुस्तक मह्या हातानं शिवलं होतं.” मागून भाभींचा आवाज आला, ताई, त्यायले इचारा, चौथ्या प्रकरणात पत्र कोनं फोडलं होतं. अन्सारभाईंनी फोन तसाच हातात धरून त्यांना चौथं प्रकरण परत काढायला सांगितलं, आणि मी ऐकत राहिले.